जोडीदाराचं तिकीट ५.६० डॉलरला: कंपॅनियन पास आणि जानेवारीचं गणित

साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीचा कंपॅनियन पास १,३५,००० पॉइंट मोजून विकत घ्यायचा असतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते, आणि तो आकडा ऐकूनच ते नाद सोडतात. खरं तर पॉइंट कुठेच जात नाहीत. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या एका वर्षात तुमच्या रॅपिड रिवॉर्ड्स (साउथवेस्टची पॉइंट-योजना) खात्यात १,३५,००० पात्र पॉइंट जमा झाले, की पास आपोआप मिळतो आणि पॉइंट खात्यात तसेच राहतात. त्याच पॉइंटवर तुम्ही तुमचं तिकीट काढायचं. सोबतच्या माणसाचं तिकीट फक्त कराच्या पैशात येतं, अमेरिकेच्या आत एका बाजूचे ५.६० डॉलर. ही सरकारी सुरक्षा फी आहे आणि ती पॉइंटवर काढलेल्या तुमच्या तिकिटालाही लागतेच.

समजा एका बाजूला ९,००० पॉइंट लागतात. दोघांचं जाऊन-येऊन ३६,००० व्हायचे, तिथे पास असेल तर १८,००० मध्ये भागतं. दोघांचे मिळून रोख २२.४० डॉलर. तिकीट पैसे देऊन काढलं तरी सोबत्याचा नियम तोच. आणि विमानात विक्रीला एक जरी सीट शिल्लक असेल तरी ती सोबत्याला मिळते, ‘रिवॉर्डसाठी राखीव सीटच संपल्या’ हे उत्तर इथे ऐकावं लागत नाही. एवढी मोकळीक अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच मोठ्या कंपनीच्या सोबती-योजनेत नाही, म्हणून या एकाच पासवर सविस्तर लिहितोय.

पास मिळाल्या दिवसापासून त्या वर्षाचा उरलेला भाग आणि पुढचं अख्खं वर्ष चालतो. सगळी मेख इथे आहे. २० जानेवारी २०२७ ला मिळाला तर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. तोच १५ डिसेंबर २०२६ ला मिळाला तर ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो. मेहनत तेवढीच, पण पदरात जेमतेम एक वर्ष. त्याहून वाईट म्हणजे डिसेंबरअखेर १,२८,००० वर अडकणं. १ जानेवारीला पासाचा मोजणारा काटा शून्यावर येतो. पॉइंट वापरायला राहतात, पण पाससाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढे पॉइंट येतात कुठून

विमानप्रवासातून येतील अशी आशा ठेवू नका. सगळ्यात स्वस्त बेसिक तिकिटावर डॉलरला २ पॉइंट मिळतात. नुसत्या त्या जोरावर १,३५,००० करायचे तर ६७,५०० डॉलरची तिकिटं काढावी लागतील. वर्षात १०० एकेरी उड्डाणं हा दुसरा रस्ता आहे, तो कामासाठी दर आठवड्याला विमानात बसणाऱ्यांचा.

बाकीच्यांचा रस्ता क्रेडिट कार्डांवरून जातो. चेस बँकेची साउथवेस्ट कार्डं आहेत, काही वैयक्तिक, काही व्यवसायाची. नव्या कार्डावर ठरावीक खर्च केला की मिळणारा बोनस पाससाठी धरला जातो, कार्डावरच्या रोजच्या खर्चाचे पॉइंटही धरले जातात. शिवाय कार्डधारकाला दर वर्षी पासच्या मोजणीत १०,००० ची आगाऊ भर मिळते. ही भर वापरता येत नाही, फक्त मोजणीत दिसते, आणि दोन कार्डं असली तरी एकदाच मिळते.

उदाहरण घ्या. वैयक्तिक कार्डाचा बोनस ५०,०००, व्यवसायाच्या कार्डाचा ६०,०००, भर १०,००० असे १,२०,००० झाले. बोनससाठी करावा लागणारा खर्च दोन्ही कार्डांवर मिळून ६,००० डॉलर धरला तर त्याचे निदान ६,००० पॉइंट. आता उरले ९,०००. ते किराणा, गाडीचा विमा, फोनबिल यांतून दोन-तीन महिन्यांत निघतात. बोनसचे आकडे वर्षभर वरखाली होत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशीचा आकडा घेऊन ही बेरीज कागदावर मांडा. १,३५,००० च्या वर निदान दोन हजारांची फट ठेवा. एखादी वस्तू परत केली की तिचे पॉइंट वजा होतात, आणि १,३४,७०० ला पास मिळत नाही.

काय धरलं जात नाही, हे त्याहून महत्त्वाचं. साउथवेस्टकडून विकत घेतलेले पॉइंट धरत नाहीत. दुसऱ्या सदस्याने तुमच्या खात्यात टाकलेले धरत नाहीत. चेसच्या इतर कार्डांवरचे पॉइंट (अल्टिमेट रिवॉर्ड्स) इकडे वळवले तर तिकिटासाठी उत्तम, पाससाठी शून्य. हॉटेलांच्या योजनांमधून बदलून आणलेलेही तसेच. नवरा-बायकोचे पॉइंट एकत्र करून तर पास होतच नाही. दोघांनी सत्तर-सत्तर हजार जमवले तर दोघांचेही हात रिकामे. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की पास कोणाच्या नावावर घ्यायचा, आणि दोन्ही कार्डं त्याच माणसाच्या रॅपिड रिवॉर्ड्स क्रमांकाला जोडा.

कार्डं मिळतील का, याला दोन अडथळे आहेत. पहिला चेसचा: गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी वैयक्तिक कार्डं उघडली असतील तर अर्ज जवळपास नक्की नामंजूर. दुकानाच्या काउंटरवर सवलतीसाठी घेतलेलं कार्डही यात मोजलं जाऊ शकतं, आणि तुम्ही दुसऱ्याच्या खात्यावर जोडकार्डधारक असाल तर तेही तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं.

दुसरा अडथळा व्हिसाचा, आणि आपल्या लोकांसाठी तोच मोठा. व्यवसायाचं कार्ड घ्यायला कंपनी नोंदवलेली असावी लागत नाही. घरची शिकवणी, ऑर्डरचे डबे, फ्रीलान्स काम अशा एकट्याच्या व्यवसायावर, स्वतःच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर अर्ज करता येतो. पण व्यवसाय खरा हवा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरीबाहेर स्वतःचा व्यवसाय करून कमावता येत नाही, त्यामुळे त्याने हे कार्ड सोडून द्यावं. पॉइंटपायी इमिग्रेशनच्या कागदात प्रश्नचिन्ह उभं करणं अजिबात परवडणारं नाही. जोडीदार एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असून ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना असेल तर त्याला स्वयंरोजगार चालतो. अशा घरात खरा व्यवसाय असलेल्या जोडीदाराच्या नावावर पास मिळवणं सरळ पडतं. ते जमत नसेल तर वैयक्तिक कार्डावर अधूनमधून ठरावीक मुदतीचा कंपॅनियन पासच बोनस म्हणून देतात, त्याची वाट बघा. तो काही महिन्यांचाच असतो, पण १,३५,००० ची चढण चढावी लागत नाही.

स्टेटमेंटची तारीख

बोनस कधी जमा होतो? खर्चाची अट पूर्ण झाल्या दिवशी नाही. ज्या स्टेटमेंटमध्ये ती पूर्ण झाली, ते स्टेटमेंट बंद झाल्यावर. इथे लोक घसरतात.

समजा कार्ड २५ ऑक्टोबरला मंजूर झालं, अट तीन महिन्यांत ३,००० डॉलरची आणि स्टेटमेंट दर महिन्याच्या ८ तारखेला बंद होतं. उत्साहाच्या भरात दिवाळीच्या खरेदीतच ३,००० पूर्ण केले, तर बोनस ८ डिसेंबरच्या स्टेटमेंटनंतर डिसेंबरात पडणार. तो जुन्या वर्षात गेला, आणि जानेवारीत आलेल्या दुसऱ्या कार्डाच्या बोनसशी त्याची बेरीज होणार नाही. बरोबर चाल अशी: ८ डिसेंबरपर्यंतचा एकूण खर्च २,५०० च्या आत ठेवायचा. ९ डिसेंबरनंतर उरलेला करायचा. अट ओलांडणारं स्टेटमेंट ८ जानेवारीला बंद होतं, बोनस नव्या वर्षात पडतो आणि पास जानेवारीत हातात येतो. दोन्ही कार्डांची तारीख वेगळी असते, तेव्हा हा हिशेब कार्डागणिक स्वतंत्र करायचा.

तीन महिने मोजायचे ते मंजुरीच्या दिवसापासून. कार्ड टपालाने दहा दिवसांनी आलं तर ते दहा दिवस तुमचेच गेले. वरच्या उदाहरणात शेवटची तारीख साधारण २५ जानेवारी, पण बोनस जानेवारीत हवा तर खर्च ८ जानेवारीच्या स्टेटमेंटआधीच उरकून घ्या. ‘पेंडिंग’ दिसणारा व्यवहार बँकेच्या लेखी अजून झालेला नसतो. कार्डाची वार्षिक फी, एटीएममधून काढलेली रोकड, दुसऱ्या कार्डावरून वळवलेली बाकी, यातलं काहीही खर्चाच्या अटीत धरत नाहीत. आणि दर महिन्याचं बिल पूर्ण भरता येत नसेल तर या वाटेला जाऊच नका. ३,००० डॉलरची बाकी २४ टक्के व्याजाने महिन्याला ६० डॉलर खाते. पासचा फायदा वर्षभरात व्याजातच विरघळेल.

वार्षिक फीही हिशेबात धरा. वैयक्तिक कार्डांमध्ये प्लस ९९ डॉलर, प्रीमियर १४९, प्रायॉरिटी २२९. नुसत्या पाससाठी घ्यायचं तर सगळ्यात स्वस्त कार्ड पुरतं, कारण मोजणीतली १०,००० ची भर तिन्हींवर सारखीच आहे. एक मात्र आहे: मे २०२५ पासून साउथवेस्ट बॅगांचे पैसे घेते, सुरुवातीला पहिल्या बॅगेचे ३५ डॉलर आणि दुसरीचे ४५ होते. कार्डधारकाला पहिली बॅग फुकट आहे. वर्षातून दोन-तीनदा बॅग चेक-इन करणाऱ्याची फी तिथेच वसूल होते.

सोबत्याचं तिकीट जोडताना

पास मिळाला की खात्यात जाऊन सोबत्याचं नाव, जन्मतारीख नोंदवायची. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. मग आधी स्वतःचं तिकीट एकट्याचं काढायचं. दोघांचं एकदम काढलं तर दोघांचेही पॉइंट जातात. तिकीट निघालं की आपल्या प्रवासांच्या यादीत त्या तिकिटासमोर सोबती जोडायचा पर्याय येतो. तिथे कराचे पैसे कार्डाने भरले की झालं. हे लगेच, त्याच बैठकीत करा. सीट राखून ठेवलेली नसते, आणि गर्दीच्या विमानात दोन तासांत चित्र पालटतं.

सोबत्याला वेगळा कन्फर्मेशन नंबर मिळतो. वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बरेच घोटाळे तिच्यातूनच होतात. चेक-इन दोन्ही नंबरांचं स्वतंत्र करावं लागतं. विमान रद्द झालं आणि काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला पुढच्या विमानात टाकलं, तर सोबतीही आपोआप तिथे जाईल असं नाही. दोन्ही नंबर एकाच कागदावर लिहून ठेवा आणि बोलायला सुरुवात करतानाच दोन्ही द्या.

बदल करायचा झाला तर क्रम उलटा. आधी सोबत्याचं तिकीट रद्द करायचं, मग तुमचं बदलायचं, मग सोबती नव्याने जोडायचा. तिकीट स्वस्त झालं म्हणून पॉइंट परत मिळवायला निघालात तरी हेच करावं लागतं. म्हणून आधी बघा, विमानात दोन-चार सीट तरी शिल्लक आहेत ना. शेवटची सीट सोबत्याचीच असेल आणि तुम्ही ती सोडलीत, तर दुसऱ्या कोणी ती उचलायला एक मिनिट पुरतं. बेसिक तिकीट बदलता येत नाही, रद्द करून नवं काढावं लागतं. पॉइंटवरचं तिकीट रद्द केलं की पॉइंट खात्यात परत येतात, मात्र विमान सुटायच्या किमान १० मिनिटं आधी रद्द करायला हवं.

पासधारक स्वतः विमानात नसेल तर सोबत्याला एकट्याला जाता येत नाही. उलट चालतं: सोबत्याचं रद्द करून तुम्ही एकटे जाऊ शकता. सोबत्याला त्या प्रवासाचे पॉइंट मिळत नाहीत.

पास जानेवारीत यायचाय आणि मार्चच्या सुट्टीची तिकिटं आत्ताच महाग होताहेत, अशा वेळी दोघांचीही तिकिटं पॉइंटवर काढून ठेवा, पण वेगवेगळ्या बुकिंगमध्ये. पास आला की सोबत्याचं तिकीट रद्द करा, पॉइंट परत येतील, आणि लगेच त्याला पासवर जोडा. पैसे देऊन काढलेल्या तिकिटाचं असं होत नाही. परतफेड न होणारं असेल तर पैशांऐवजी मुदतीचं क्रेडिट मिळतं, बेसिकचं तर सहाच महिन्यांचं.

२७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टमध्ये सीट नंबर ठरलेले असतात, आधीसारखं ‘आत शिरा आणि मिळेल तिथे बसा’ राहिलं नाही. बेसिक तिकिटावर सीट चेक-इनच्या वेळी कंपनी देते, आणि दोन कन्फर्मेशन नंबर म्हणजे दोन ठिकाणच्या सीट येण्याची शक्यता. सोबत वयस्कर माणूस असेल तर आधी सीट निवडता येईल असं एक पायरी वरचं तिकीट काढा. तिथे काटकसर नको.

आई-बाबा आले की

सोबती एका कॅलेंडर वर्षात तीनदा बदलता येतो. एका वेळी मात्र एकच. त्यामुळे आई-बाबा दोघंही आले आणि तिघांना डेन्व्हरहून सॅन डिएगोला जायचं असेल, तर आई पासवर आणि बाबांचं तिकीट तुमच्या पॉइंटवर. तेही चांगलंच पडतं, कारण एकाचे वाचलेले पॉइंट दुसऱ्याला लागतात. सोबती बदलण्याआधी जुन्या सोबत्याचे पुढचे सगळे प्रवास उरकलेले किंवा रद्द केलेले असावेत. उन्हाळ्यात आईचं नाव लावायचं ठरवून सप्टेंबरातलं बायकोचं तिकीट आधीच जोडून बसलात, तर ते सोडावं लागेल.

नावाची नोंद पासपोर्टप्रमाणेच करा. आपल्याकडच्या बऱ्याच पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. टीएसएला (विमानतळावर तपासणी करणारं सरकारी खातं) तिकिटावरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग ओळखपत्राशी जुळलेलं लागतं, म्हणून मधलं नाव मधल्या नावाच्या रकान्यात भरा. घरातलं हाकेचं नाव, लग्नाआधीचं आडनाव असलं काही नको. आत्ता पाच मिनिटं लागतील, विमानतळाच्या काउंटरवर तीच चूक तासाभराची होते. पाहुण्यांना देशांतर्गत विमानासाठी भारतीय पासपोर्ट चालतो, रिअल आयडीची (देशांतर्गत विमानासाठी लागणारं अमेरिकी ओळखपत्र) चिंता त्यांना नाही. पासपोर्ट मात्र हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत नको.

आई-बाबांना घेऊन लांब जायचं तर हवाई हा पासचा सगळ्यात दणदणीत वापर. साउथवेस्ट २०१९ पासून तिथे जाते आणि ते देशांतर्गतच असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही. मेक्सिको, कॅरिबियन, कोस्टारिका इथेही पास चालतो, पण परतीच्या बाजूला त्या-त्या देशाचे कर लागतात, तिथे ५.६० डॉलरचा हिशेब विसरायचा. भारतात साउथवेस्ट जात नाही, त्यामुळे मुंबईच्या तिकिटाला या पासचा काही उपयोग नाही.

चौघांच्या घरात नवरा आणि बायको दोघांनीही आपापला पास मिळवला, तर प्रत्येकी एक मूल सोबती. चौघांचा प्रवास दोघांच्या पॉइंटवर. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर फुकट येतं, त्याच्यावर पास वाया घालवू नका. दुसरा वाढदिवस झाला की मग त्याचं नाव लावा.

इतर कंपन्यांचं थोडक्यात

तुमच्या शहरातून साउथवेस्टची विमानं कमी असतील तर डेल्टाच्या प्लॅटिनम आणि रिझर्व्ह या अमेरिकन एक्सप्रेस कार्डांवर दर वर्षी एक सोबती-सर्टिफिकेट मिळतं. पहिल्या वर्षी नाही, कार्ड नूतनीकरण झाल्यावर. ते एकाच जाऊन-येऊन प्रवासाचं, पैसे देऊन काढलेल्या तिकिटावरच चालणारं, आणि ठरावीक भाड्याच्या वर्गात सीट असेल तरच. देशांतर्गत प्रवासात सोबत्याचे कर ८० डॉलरच्या वर जात नाहीत. प्लॅटिनमची फी ३५० डॉलर आहे, तेव्हा पाचशे डॉलरच्या वरचं तिकीट असेल तरच ते वापरा, दोनशेच्या तिकिटावर उडवू नका. अलास्का एअरलाइन्सच्या कार्डावरचं सोबती-भाडं ९९ डॉलर अधिक कर असं आहे. पश्चिम किनाऱ्यावरून हवाईला जाणाऱ्यांना ते बरं पडतं.

पण ही दोन्ही वर्षातून एकदा वापरायची कुपनं आहेत. साउथवेस्टचा पास ३१ डिसेंबरपर्यंत कितीही वेळा चालतो. शेवटच्या प्रवासाची तारीख मात्र त्या दिवसाच्या आतली हवी, नुसतं बुकिंग आधी केलेलं चालत नाही. नाताळात जाऊन २ जानेवारीला परतणार असाल, तर येतानाचं सोबत्याचं तिकीट वेगळं काढावं लागेल. आणि पास संपायला आला की पुढची पाळी दुसऱ्या जोडीदाराची. एकाचा पास २०२८ च्या डिसेंबरात संपणार असेल, तर दुसऱ्याने २०२८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या नावावर कार्डांचे अर्ज करायचे, स्टेटमेंटच्या तारखा बघायच्या आणि बोनस २०२९ च्या जानेवारीत पाडून घ्यायचा.